उकळून गार केलेलं पाणी

त्या रविवारी आण्णांनी दुकानाचं शटर अर्धंच उघडलं होतं. आम्हा जैनांच्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वाचा आठवा दिवस होता. वरच्या मजल्यावर आईचा आठवा उपवास चालू होता. दिवसातून एकदा उकळून गार केलेलं पाणी घ्यायची, बाकी काही नाही. आण्णांच्या जेवणाचं बघायला म्हणून मी सांगलीहून शनिवारीच आले होते. रविवारी शाहूपुरीतली आमची गल्ली झोपलेली असते. आण्णा ट्रॅक्टरचे ऑइल सील फडक्यानं पुसून खोक्यात ठेवत होते आणि बाकाखाली बेरिंग घोरत होता.

बेरिंग म्हणजे गल्लीतलं कुत्रं. नाव आण्णांनीच ठेवलेलं. सकाळी आमच्या बाकाखाली ग्लुकोजची बिस्किटं आणि दुपारी कोपऱ्यावरच्या खानावळीमागं हाडकं, असा त्याचा दिनक्रम होता, आणि म्हणूनच आमच्या जिन्याची पहिली पायरी त्याला कधी ओलांडता आली नाही. वर आईच्या स्वयंपाकघरात मुनिमहाराजांच्या आहाराचा चौका लागतो. त्याला पाणी मागच्या आडाचं लागतं, तेही दुहेरी फडक्यातून गाळलेलं. पीठ घरी दळलेलं लागतं. अशा घरात हाडकं चघळून आलेलं तोंड फिरणं शक्य नव्हतं. आण्णांनी तीस वर्षांत घरात कुत्रं आणायचा विषय कितीतरी वेळा काढला होता आणि दर वेळी तो जिन्यातच संपला होता.

"अक्का," आण्णा म्हणाले, "घरात एक कुत्रं पायजे बघ."

"आई घेईल घरात?"

"न्हाई घेणार. म्हणून तुला सांगतोय. तू काढ काहीतरी मार्ग. पुस्तकं वाचतीस एवढी."

मी हसले. तेव्हा त्यांनी ड्रॉवर उघडला आणि स्पेअर पार्टच्या कॅटलॉगखालून एक लांबट पाकीट काढून माझ्यापुढं ठेवलं. मी वाचलं. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या. पुढं अडथळ्याचे टक्के लिहिले होते.

"कधी केलं हे?"

"मंगळवारी. छातीत जरा भरल्यासारखं वाटत होतं, म्हणून गेलतो. लगेच दाखल व्हा म्हणाले."

"आण्णा, आज रविवार आहे."

"व्हय. आणि बुधवारी तुझ्या आईचं पारणं हाय." त्यांनी पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं. "दहाचे उपवास तिनं पहिल्यांदा धरलेत. आज सांगितलो तर तशीच उठंल आणि दवाखान्यात माझ्या उशाला येऊन बसंल. आठ दिवस पाण्यावर काढलेली बाई. तिचं मोडायचं न्हाई. बुधवारी दुपारी मीच सांगतो. तू तोंड उघडायचं न्हाईस. वृषभला पण न्हाई."

"आणि कुत्र्याचं काय मध्येच?"

"मध्येच कुठं? मी दवाखान्यात पडलो म्हंजे हिला हाक मारायला घरात कोण हाय? तू सांगलीला, तुझा भाऊ पुण्याला." त्यांनी पायानं बेरिंगला हलवलं. तो एक डोळा उघडून परत झोपला. "ह्याला बघ. मी आलो की शेपूट आपटतोय. माणसाला तेवढं पुरतंय."

सोमवारी माझा पहिला तास होता. संध्याकाळच्या एसटीनं मी सांगलीला गेले.

सोमवारी सकाळी साडेनऊला शटर वर ढकलताना आण्णा खाली बसले ते उठले नाहीत. आईला नवव्या दिवशी साखरपाणी पाजून शुद्धीवर आणावं लागलं. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, घर माणसांनी भरलेलं असताना मी दुकानात जाऊन ते पाकीट काढून घेतलं आणि पुढं सांगलीला नेलं.

त्यानंतर येईल त्याला आई एकच वाक्य सांगत राहिली. "नऊ दिवस माझं मलाच पडलं होतं. जिना चढताना हे थांबत असतील की न्हाई? मी बघितलो न्हाई." लोक समजूत घालायचे. मीही घालायचे. मग हळूहळू तिनं ते वाक्यही म्हणायचं सोडलं. जेवायला बस म्हटलं की बसायची, ऊठ म्हटलं की उठायची.

*

संक्रांतीनंतरच्या रविवारी सगळे जमलो तेव्हा ठरवायचं होतं एवढंच, की आई पुण्याला वृषभकडे जाणार की इथं राहणार. जनावर आणायची कल्पना माझी, असं सगळे समजत होते. मी फोनवर वृषभला म्हटलं होतं, "कुत्रं शक्य नाही. पण दुसरं काहीतरी. एक महिना बघू."

"एक महिना," तो म्हणाला होता. "नाही रुळली तर घर भाड्यानं देऊन मी तिला घेऊन जाणार, अक्का. मग तू मध्ये पडायचं नाही."

त्या सकाळी त्याच्या मनात काय होतं ते त्यानं मला पुष्कळ नंतर सांगितलं. त्यानं पुण्याच्या घरातली खोली आधीच रंगवून घेतली होती. शिरोळच्या जिनगोंडा आप्पांना, म्हणजे आण्णांच्या धाकट्या भावाला, फोन करून शब्दही घेतला होता: "मी सांगतो वहिनींना. पोरापाशी ऱ्हावा म्हणून." म्हणजे दोन मतं त्याच्या खिशात होती. राहिली त्याची अकरा वर्षांची मुलगी तेजस्वी, जी गाडीत कराडपासून एका वहीत प्राण्यांची नावं लिहीत आली होती. तिला त्यानं लिहू दिलं. यादीतलं एकेक नाव आईच खोडणार, हे त्याला माहीत होतं.

आई भिंतीला टेकून खाली बसली होती. आप्पा कॉटवर मांडी घालून. तेजस्वीनं वही उघडली.

"नंबर एक. मांजर."

"मांजर!" आप्पांनी गुडघ्यावर थाप मारली. "अगं, ते उंदीर धरतंय. महाराज आहाराला आले आणि ह्यानं चौक्याच्या दारात उंदराचं मुंडकं आणून ठिवलं, म्हंजे?"

तेजस्वीनं मांजर खोडलं. "नंबर दोन. ससा. पूर्ण शाकाहारी आहे."

"काय खातो?" आईनं विचारलं. आवाज बारीक होता, पण विचारलं.

"गाजर."

आप्पा इतके मोठ्यानं हसले की खालच्या रस्त्यावरच्या माणसानं वर बघितलं असेल. आमच्याकडे जमिनीखालचं काही शिजत नाही. कांदा नाही, बटाटा नाही, गाजर नाही. "ह्या घरात गाजर आलेलं तुझ्या बापानं तरी बघितलंय का, विचार त्याला!"

"मी बाहेर खाल्लंय," वृषभ म्हणाला आणि आईकडे बघून जीभ चावली.

"ठाऊक हाय मला," आई म्हणाली. "शर्टावर हलव्याचा डाग घेऊन आला होतास. नववीत होतास."

चार महिन्यांत तिनं जुनं काही काढलं नव्हतं.

"पण आज्जी," तेजस्वी घाईनं म्हणाली, "गाजर त्याला जास्त द्यायचंच नसतं. पोट बिघडतं. गवत द्यायचं, मेथी, कोथिंबीर. आपण गाजर न खाणारा ससा पाळू."

"आणि ठेवायचा कुठं?"

"पिंजऱ्यात."

"मग न्हाई."

ती हे कठोरपणे म्हणाली नाही. अहिंसेच्या व्रतात कुठं कुठं चूक होते ते आईला लहानपणापासून पाठ आहे. त्यातली पहिलीच चूक 'बंध', म्हणजे जिवाला बांधून किंवा कोंडून ठेवणं. तिच्या मते त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

"मोकळा सोडू की," मी म्हटलं.

"मोकळा सोडला म्हंजे जिन्यावरनं खाली," आप्पा म्हणाले, "आणि खाली तुमचा बेरिंग बसलाय, व्हय की न्हाई?"

पिंजऱ्यामुळे लव्हबर्ड्सही गेले. कासवापाशी तेजस्वी स्वतःच अडखळली. त्यातल्या कित्येक जाती पाळायला बंदी आहे, असं तिनं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. "पण ते खूप वर्षं जगतं," ती म्हणाली.

"मग माझ्यामागं त्याला कोण बघणार?"

"मी."

आईनं हात लांब करून तिच्या डोक्यावरून फिरवला.

"माझं ऐका," आप्पा म्हणाले. "एक रेडकू देतो मळ्यातलं. गवत खातंय, कुणाला चावत न्हाई, हाक मारली की वरडतंय."

"दुसऱ्या मजल्यावर, आप्पा?"

"खालच्या दुकानात बांधा की. बंदच हाय ते."

हे बोलून गेल्यावर त्यांनाच कळलं. ते टोपी काढून आतून बघत बसले. वृषभनं घड्याळाकडे पाहिलं. सगळं त्यानं ठरवल्यासारखं होत होतं आणि तरी, तो मला म्हणाला, त्याला त्यात आनंद वाटेना.

"शेवटचं," तेजस्वी म्हणाली. तिचा आवाज पडला होता. "मासे."

आई वहीकडे बघत राहिली. तिला वाचता येतं, पण चष्मा नव्हता. मग म्हणाली, "मासे झोपतात का गं?"

तेजस्वी वहीची पानं चाळू लागली.

"त्यांना पापण्या नसतात," आई म्हणाली. "माहेरी आमच्या विहिरीत होते. लहान असताना मी काठावर पालथी पडून बघायचो. कवा बघावं तवा डोळे उघडेच. मग झोपतात कसे? का झोपतच न्हाईत?"

तेजस्वीला आज्जीचं ते 'बघायचो' फार आवडतं. पुण्याला मैत्रिणींना ती सांगते, आमची आज्जी मुलांसारखं बोलते. पण त्या वेळी ती हसली नाही. ती वहीत प्रश्न लिहून घेत होती.

"आप्पा," वृषभ हळूच म्हणाला, "तुम्ही आईशी बोलणार होता."

जिनगोंडा आप्पांनी टोपी डोक्यावर घातली. "बोलतो की," ते म्हणाले आणि उठले. "वहिनी, साडी बदला. वृषभ, गाडी काढ. झोपतात का न्हाई ते बघून येऊ."

*

माशांच्या दुकानातलं तेजस्वीनं सांगितलं तसं लिहिते.

भिंतभर काचेच्या टाक्या होत्या आणि आज्जी प्रत्येकीपुढं थांबत होती. माणसांच्या घरी गेल्यासारखी. दुकानदारानं खाण्याचा डबा दाखवला. तेजस्वीनं त्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि आज्जीला सांगितलं: ह्यात माशांची भुकटी आहे.

"माशाला मासाच घालता खायला?"

"सगळं हेच खातंय, आज्जी," दुकानदार म्हणाला.

"हे न्हाई खाणार असा एकपण न्हाई तुमच्याकडं?"

दुकानदारानं आप्पांकडे पाहिलं. "पावणं, देवळातनं आलाय का काय?"

"जन्मापासनं," आप्पा म्हणाले. "दाखवा, दाखवा."

मग त्यानं काळे मोली दाखवले. बोटाच्या पेराएवढे, मखमलीसारखे काळेभोर. हे शेवाळ खातात, तो म्हणाला. शेवाळाच्या गोळ्या मिळतात. पालक उकडून घातला तरी चालतो.

"ह्यांना नदीत सोडलं तर?" आज्जीनं विचारलं.

"पंचगंगेत? दोन दिवस न्हाई टिकायचे. टाकीतच जन्मलेत, टाकीतच वाढलेत."

आज्जीच्या मनात तो बंधाचा प्रश्न चालला असणार, हे तेजस्वीला आता कळतं. तेव्हा एवढंच दिसलं, की ती वाकली आणि काचेला नाक लावलं. आतून एक मासा आला आणि पलीकडून त्यानं तोंड लावलं.

"सगळ्यांत मोठी टाकी कुठली?" आज्जी म्हणाली.

दोन फुटी टाकी आणि सहा मोली घेतले. पाणी कसं बदलायचं, हवेचा पंप का लावायचा, हे दुकानदार सांगत होता आणि बाबा ऐकत होता. आज्जी ऐकत नव्हती. ती माशांकडे बघत होती.

घरी वृषभनं नळाचं पाणी भरलं, औषधाचे थेंब टाकले, मासे सोडले. पंपाची वायर बोर्डापर्यंत पोचेना. "उद्या एक्स्टेन्शन लावतो," तो म्हणाला. "आजची रात्र चालतं त्याशिवाय." सूर्यास्ताआधी आम्ही जेवलो. आई पूर्ण भाकरी जेवली. वृषभनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. ती मान हार मानल्याची होती की आणखी कशाची, मला कळली नाही.

*

आईला नळाचं पाणी खटकत होतं.

तिचा विचार सरळ होता. या घरात जो राहतो तो या घरचं पाणी पितो. न गाळलेल्या पाण्यात जीव ठेवायचे आणि आपण मात्र गाळून प्यायचं, हे तिला पटेना. गाळलेलं पाणी दोन घटका चालतं, मग त्यात पुन्हा जीव धरतात. उकळलेलं आठ प्रहर चालतं. तेव्हा उकळायचं, हे तिनं जेवतानाच ठरवलं होतं. जेवण झाल्यावर आप्पांना घेऊन ती आडावर गेली. आप्पांनी पाणी शेंदलं, तिनं फडक्यातून गाळलं, फडकं उलटं करून त्यातले जीव नेहमीसारखे बादलीनं परत आडात सोडले. चार हंडे. गॅसवर आळीपाळीनं उकळून, वर घट्ट झाकण घालून तिनं ते ठेवून दिले. मला वाटलं, चौक्याची आठवण काढून बसली असेल. मी विचारलं नाही. तिला काहीतरी करताना बघून मला इतकं बरं वाटत होतं, की काय करतेस हे विचारायचं धाडस झालं नाही.

सकाळी सातला मी बाहेर आले तर आई अंघोळ करून टाकीपुढं खुर्ची घेऊन बसली होती. ओले केस पाठीवर. हंडे रिकामे, कोपऱ्यात पालथे.

"रोहिणी, ये इकडं," ती म्हणाली. तिचा तो आवाज मी विसरले होते. "काल सगळे खाली होते. आता बघ, मी बसलो की सगळे वर आलेत. तोंड उघडून बोलायलेत बघ माझ्याशी."

मी वाकून बघितलं. सहाही मासे पाण्याच्या अगदी वरच्या थराशी येऊन तोंडं उघडत होते, मिटत होते. खरंच हाक मारल्यासारखं दिसत होतं. मला आण्णांचा आवाज आठवला आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. दोन मिनिटं असतील. पाच असतील.

तेजस्वी दात घासत आली. "आज्जी," तिनं फेस तोंडात ठेवूनच विचारलं, "ह्यांचं पाणी बदललंस?"

"व्हय. उकळून गार केलो. आता शुद्ध हाय."

तिनं ब्रश फेकला. "आज्जी, उकळल्यावर त्यातली हवा जाते! ते गुदमरतायत! बाबा! बाबा, पंप!"

वृषभ बनियनवर धावत आला. त्यानं एकदा बघितलं आणि जिन्यावरून खाली पळाला. एक्स्टेन्शन बोर्ड दुकानात होता. खालून शटर वर गेल्याचा आवाज आला, चार महिन्यांनी पहिल्यांदा. आईचा चेहरा त्या आवाजाकडे वळला आणि तसाच राहिला.

"तांब्यानं उपसा!" तेजस्वी ओरडत होती. "आणि वरून ओता, वरून! बुडबुडे यायला पाहिजेत!"

आप्पांनी धोतर खोचलं. त्यांनी तांब्या भरून डोक्याएवढ्या उंचीवरून धार सोडली. दूध गार करतात तशी. मी दुसरा तांब्या घेतला. पाणी टाकीत कमी आणि जमिनीवर, भिंतीवर, आमच्या अंगावर जास्त पडत होतं. "आणि वरनं, रोहिणी, आणि वरनं," आप्पा म्हणत होते. वृषभ धापा टाकत आला, बोर्ड लावला. पंप गुरगुरला आणि पाण्यात पांढऱ्या बुडबुड्यांची माळ चढू लागली.

आम्ही थांबलो. एक मासा खाली गेला. मग दुसरा. थोड्या वेळानं पाच काळे मासे टाकीच्या तळाशी फिरत होते, जणू काही झालंच नाही.

सहावा आडवा तरंगत होता.

आईनं ते गाळायचं फडकं आणलं. दोन्ही हातांनी पसरून तिनं त्याला खालून उचललं आणि तशीच धरून खुर्चीवर बसली. ओल्या फडक्यात तो फारच लहान दिसत होता.

"आज्जी, तुला माहीत नव्हतं," तेजस्वी म्हणाली. ती रडत होती.

"माझ्यासमोर मेला. मी बसून बघत होतो. मला वाटलं बोलतोय."

"वहिनी, जाऊ दे आता. पाच हाईत की," आप्पा म्हणाले.

आईनं मान हलवली. "आज माझा उपवास," ती म्हणाली. "आणि वृषभ, मी येतो पुण्याला. हे मासे परत देऊन या. माझ्या हातात जीव ठेवू नका कुणी. मला दिसत न्हाई." ती थांबली. मग ते जुनं वाक्य आलं, महिनाभर न आलेलं. "ह्यांचं पण असंच झालं. नऊ दिवस माझ्यासमोर होते. जिना चढताना थांबत असतील. मी बघितलो न्हाई."

वृषभ तिच्यापुढं गुडघे टेकून बसला. "आई, कुणालाच कळलं नाही. अचानक झालं ते. कुणालाच माहीत नव्हतं."

तो माझ्याकडे वळला. मी नेहमीसारखी 'हो' म्हणेन, म्हणून. चार महिने याच जागी मी हो म्हणत आले होते. रिपोर्टचं सांगितलं तर उपवासापायी आपला नवरा गेला असं आईला वाटेल, म्हणून मी गप्प आहे, असं मी स्वतःला सांगत होते. ते खरंही होतं. पण माझ्या गप्प बसण्याचं ते एकच कारण नव्हतं, हे मला त्या ओल्या फरशीवर उभं असताना टाळता आलं नाही. तांब्या अजून माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला.

"आई, उपवास धरू नको," मी म्हणाले.

तिनं वर पाहिलं.

"आण्णांना माहीत होतं. तुझ्या पर्वात, मंगळवारीच दवाखान्यात जाऊन आले होते. रिपोर्ट माझ्याकडे आहे. तुझं पारणं झालं की बुधवारी तुला सांगणार होते. तुझे दहा पुरे व्हावेत म्हणून ते तुझ्यापासून लपवत होते, आई. लपवलेलं तुला दिसणार कसं?"

वृषभ उठून उभा राहिला. "अक्का, तुला कुणी सांगितलं?"

मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी आईकडे बघत होते.

"रविवारी दुकानात मला त्यांनी सांगितलं. बोलू नको म्हणाले आणि मी बोलले नाही. घरात कुत्रं पाहिजे, तेही त्यांनीच सांगितलं होतं, तुला हाक मारायला. तू बघितलं नाहीस म्हणतेस. मी बघितलं होतं. कागद हातात घेऊन वाचला होता. आणि संध्याकाळच्या एसटीनं मी सांगलीला गेले."